हृदयाच्या रोहिण्यांचा वेध घेणारे शल्यविशारद : डॉ. प्रफुल्लकुमार सेन

वाचकहो, हृदयविकाराचा झटका ही गोष्ट आज आपल्या खानदेशात कोणाला सांगून समजावी लागत नाही. जळगावची एखादी गल्ली घ्या, धुळ्याचा एखादा मोहल्ला घ्या, की यावल-रावेरकडचे एखादे केळी पिकवणारे गाव घ्या. चाळिशी-पन्नाशीतला धडधाकट माणूस सकाळी छाती दाबून बसला आणि दुपारपर्यंत संपला, असे एक तरी घर तेथे सापडतेच. आपण हळहळतो, दैवाला दोष देतो आणि कामाला लागतो. पण हृदयाला रक्त पोहोचविणाऱ्या नळ्यांची रचना कशी असते, त्या नेमक्या कोठे बुजतात आणि तेथेच का बुजतात, हे प्रश्न मात्र आपण विचारीत नाही.

हे प्रश्न ज्यांनी आयुष्यभर विचारले आणि त्यांच्या उत्तरासाठी चक्क सापाच्या हृदयात डोकावून पाहिले, अशा एका शल्यविशारदाचा परिचय प्रस्तुत लेखात करून देण्याचा विचार आहे. त्यांचे नाव डॉ. प्रफुल्लकुमार सेन. भारतातील पहिले हृदयारोपण करणारे म्हणून त्यांचे नाव सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत येते आणि विद्यार्थी ते पाठही करतात. परंतु त्यांचे दुसरे एक काम त्या एका ओळीत मावत नाही, आणि आपल्या रोजच्या जगण्याशी त्याचाच संबंध अधिक आहे.

डॉ. सेन यांचा जन्म १९१५ साली एका बंगाली कुटुंबात झाला. परंतु त्यांची खरी कर्मभूमी मुंबई. परळ येथील सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय, म्हणजे आपण ज्याला केईएम म्हणतो ते, यांच्याशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. या संस्थेचा इतिहास मोठा अभिमानास्पद आहे. ती १९२६ साली सुरू झाली, तेव्हा देशात राज्य इंग्रजांचे होते आणि वैद्यकीय शिक्षणातील वरच्या जागा बहुतेक गोऱ्यांकडे होत्या. देणगीदारांनी देणगी देताना अशी अट घातली की येथील अध्यापक भारतीयच असले पाहिजेत. भारतीय माणूसही उत्तम वैद्यक शिकवू शकतो, हे सिद्ध करण्यासाठीच जणू ही संस्था उभी राहिली. मुंबई महानगरपालिकेचे हे रुग्णालय गोरगरिबांचे. दादरला उतरणारा खानदेशातला रुग्णही तेथे पोहोचत असे. जळगाव-भुसावळकडचा माणूस मध्य रेल्वेच्या गाडीत बसून येई, तर धुळेकराला चाळीसगावला गाडी बदलावी लागे.

अशा ठिकाणी सेन शल्यचिकित्सेकडे वळले. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी अधिक शिक्षण घेतले आणि परत येऊन केईएममध्येच काम सुरू केले. पन्नाशीचे ते दशक जगभर हृदयाच्या शस्त्रक्रियेचे बालपण होते. तोवर हृदयाला सुरी लावणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण अशीच समजूत होती. आपल्याकडे तेव्हा हृदयरोगी म्हणून जे येत त्यांतले अनेक तरुण असत. लहानपणी संधिवाताचा ताप आलेला, त्यातून हृदयाची झडप आकसलेली, चार पायऱ्या चढताच दम लागतो अशी त्यांची अवस्था. अशा झडपा मोकळ्या करणे, महारोहिणीचा अरुंद भाग दुरुस्त करणे, जन्मजात छिद्रे बुजविणे अशा शस्त्रक्रिया सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत रुजविल्या. विशेष हे की ते एकटे वर गेले नाहीत. डॉ. गजानन परुळकर यांच्यासारखे शल्यविशारद, डॉ. किनरे यांच्यासारखे विकृतिशास्त्रज्ञ आणि पुढे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी देशभर नावाजले गेलेले डॉ. तेहेमटन उडवाडिया ही मंडळी त्यांच्याबरोबर काम करीत होती.

आता, वाचकहो, सेन यांच्या ज्या कामाविषयी बोलायचे ते समजण्यासाठी हृदयाच्या रचनेकडे थोडे वळले पाहिजे.

हृदय सबंध शरीराला रक्त पुरविते हे शाळकरी मूलही सांगेल. पण त्या हृदयाला स्वतःला रक्त कोण पुरविते? प्राचीन ग्रंथांत याचे उत्तर सोपे होते : हृदयाच्या कप्प्यांत रक्त भरलेलेच आहे, तेव्हा त्याच रक्तावर हृदय पोसले जाते. वैद्यकातील थोर आचार्य इब्न सीना यांच्या ग्रंथातही हेच मत होते. तेराव्या शतकात दमास्कसमध्ये शिकलेले आणि कैरो येथे वैद्यकी करणारे इब्न अल्-नफीस यांनी १२४२ साली इब्न सीनांच्या ग्रंथातील शरीररचनेच्या भागावर भाष्य लिहिले आणि तेथे हे मत नाकारले. हृदयाच्या मांसात पसरलेल्या वाहिन्यांतून येणाऱ्या रक्तावर हृदय पोसते, असे त्यांनी मांडले. उजव्या कप्प्यातील रक्त फुप्फुसांतून फिरून डाव्या कप्प्यात येते, हेही त्यांनीच प्रथम स्पष्ट सांगितले. आचार्यांबद्दल पूर्ण आदर ठेवूनही त्यांची चूक दाखविता येते, याचा हा उत्तम नमुना आहे. त्यांचे हे भाष्य पुढे विस्मरणात गेले. १९२४ साली जर्मनीत शिकणाऱ्या एका इजिप्शियन डॉक्टराला बर्लिनच्या ग्रंथालयात त्याची हस्तलिखित प्रत सापडली, तेव्हा जगाला त्याची पुन्हा ओळख झाली.

आजचे शास्त्र सांगते ते असे. डाव्या कप्प्यातून महारोहिणी निघते. ती निघते न निघते तोच, झडपेच्या किंचित वर, तिच्यातून दोन लहान रोहिण्या फुटतात. हृदयाभोवती त्या मुकुटासारख्या वेढा घालतात म्हणून त्यांना करोनरी रोहिण्या, म्हणजे मुकुटरोहिण्या म्हणतात. डावीचे मूळ खोड अगदी आखूड, साधारण एक सेंटीमीटरचे. लगेच तिला दोन फांद्या फुटतात. एक हृदयाच्या पुढच्या अंगाने खाली टोकाकडे जाते, दुसरी डाव्या बाजूने मागे वळते. पुढून उतरणारी फांदी फार महत्त्वाची, कारण डाव्या जवनिकेचा म्हणजे शरीराला रक्त ढकलणाऱ्या मुख्य कप्प्याचा जवळजवळ निम्मा भाग तिच्यावर पोसतो. उजवी रोहिणी उजव्या खाचेतून मागे जाते आणि शंभरातील सुमारे ऐंशी ते पंच्याऐंशी माणसांत हृदयाच्या खालच्या-मागच्या भागाला तीच रक्त देते. उरलेल्या काहींत हे काम डावी करते, काहींत दोघी वाटून घेतात. ज्याच्या हृदयाचा बहुतेक सारा भार डावीवरच आहे, त्याचे डावे खोड अरुंद झाले तर होणारी हानी अर्थातच मोठी.

या नळ्या सुरुवातीला अवघ्या तीन-चार मिलीमीटर रुंदीच्या असतात, म्हणजे शेतातल्या ठिबकच्या बारीक नळीपेक्षाही अरुंद. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. एका रोहिणीचा प्रदेश दुसरीने सांभाळावा अशी पुरेशी सोय बहुतेकांच्या हृदयात आयत्या वेळी नसते. जोडणाऱ्या बारीक वाहिन्या असतात खऱ्या, पण त्या रुंद व्हायला काळ लागतो. म्हणूनच हळूहळू अरुंद होणारी नळी माणूस पुष्कळदा सहन करतो आणि एकाएकी बंद पडलेली नळी त्याला आडवा करते.

मग या नळ्या अरुंद होतात कशा? रक्तातील मेद नळीच्या अस्तराखाली शिरतो, तेथे दाह होतो, पेशी जमतात, तंतू वाढतात, चुना साचतो आणि भिंत आतल्या बाजूला फुगते. याला रोहिणीकाठिण्य म्हणतात. पण मेद तर सबंध रक्तात सारखाच मिसळलेला असतो. मग थर नळीभर सारखे का बसत नाहीत? येथेच रचनेचा प्रश्न येतो.

धुळे-साक्रीच्या वाचकांना हे सांगणे सोपे आहे. पांझरेवरच्या फड पद्धतीचे पाट आपण पाहिले असतील. बंधाऱ्यापासून पाट निघतो, पाटाला चाऱ्या फुटतात आणि पाटकरी पाळीपाळीने पाणी सोडतो. गाळ कोठे साचतो, हे त्या पाटकऱ्याला विचारावे. पाणी सरळ आणि जोरात वाहते तेथे तो ठरत नाही. जेथे चारी फुटते तिच्या कडेला, जेथे पाट वळतो त्या वळणाच्या आतल्या अंगाला, जेथे पाण्याचा वेग मंदावून ते घोटाळते, तेथे गाळ बसतो. रोहिण्यांतही जागा अशाच आहेत. जेथे फांदी फुटते तेथे प्रवाह दुभागणाऱ्या कोपऱ्याच्या समोरच्या भिंतीवर, आणि वळणाच्या आतल्या बाजूला, रक्ताचे घर्षण कमी पडते व त्याची दिशा सारखी बदलते. तेथील अस्तराच्या पेशी जोरदार सरळ प्रवाहाने जशा निरोगी राहतात तशा राहत नाहीत. त्या मेदाला आत शिरू देतात. पाटातला गाळ नुसता वर बसतो, रोहिणीतला रोग मात्र भिंतीच्या आत वाढतो, हा फरक विसरता कामा नये. परंतु जागेपुरता हा दाखला चपखल आहे. डाव्या खोडाचा दुभाग आणि पुढून उतरणाऱ्या फांदीचा पहिला भाग ही म्हणूनच रोगाची आवडती ठिकाणे आहेत.

याहून नवलाची एक गोष्ट आहे. करोनरी रोहिण्या हृदयाच्या पृष्ठभागावरून धावतात, पण पुष्कळ माणसांत पुढच्या फांदीचा एखादा तुकडा हृदयाच्या मांसात शिरून, बोगद्यातून जावा तसा, थोड्या अंतरावर पुन्हा वर येतो. वरून मांसाचा पूल झालेला असतो. अशा बोगद्यातल्या तुकड्यात रोहिणीकाठिण्य सहसा आढळत नाही. पण पुलाच्या अलीकडच्या तुकड्यात मात्र ते आढळते. त्याचप्रमाणे मांसात खोल शिरलेल्या बारीक फांद्याही बहुधा स्वच्छ राहतात. माणूस एक, रक्त एक, त्यातला मेद एक. तरी एकाच नळीचा एक हात रोगी आणि पुढचा हात निरोगी. रचनेचा आणि रोगाचा संबंध यापेक्षा स्पष्ट कोणता असणार?

सेन यांच्या पिढीच्या शल्यविशारदांपुढे कोडे हेच होते. रोग वरच्या मोठ्या नळ्यांच्या सुरुवातीच्या भागात आहे आणि आतले मांस व त्यातल्या बारीक वाहिन्या शाबूत आहेत, तर त्या मांसापर्यंत रक्त दुसऱ्या वाटेने नेता येईल काय? कॅनडातील डॉ. आर्थर व्हाइनबर्ग यांनी छातीच्या भिंतीतली रोहिणी सोडवून तिचे टोक सरळ हृदयाच्या मांसात रोवण्याची शस्त्रक्रिया १९५० च्या सुमारास माणसांवर सुरू केली होती. सेन यांनी वेगळाच मार्ग घेतला. त्यांनी प्राणिसृष्टीकडे पाहिले.

साप आपल्याला नवा नाही. कापसाच्या वावरात आणि केळीच्या बागेत घोणस-नाग पाहिल्यावाचून खानदेशातला शेतकरी म्हातारा होत नाही. पण सापाच्या हृदयाचा विचार आपण कशाला करू? सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांत जवनिकेची भिंत माणसासारखी घट्ट नसते. आतून ती स्पंजासारखी सच्छिद्र असते. बाहेरच्या पातळ थराला तेवढी करोनरी रोहिणी लागते. आतले बरेच मांस कप्प्यातले रक्त त्या छिद्रांतून सरळ पिऊन घेते. इब्न अल्-नफीस यांनी माणसाच्या बाबतीत जे मत नाकारले, ते सापाच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरे ठरते, ही गंमतच म्हणायची. इतकेच काय, मातेच्या उदरातील माणसाचे हृदयही सुरुवातीच्या आठवड्यांत असेच स्पंजासारखे असते आणि करोनरी रोहिण्या तयार होईपर्यंत आतूनच पोसते. पाटाने भिजणारे शेत आणि तळ्याच्या पाझराने ओले राहणारे शेत यांत जो फरक, तोच माणसाच्या आणि सापाच्या हृदयात. पाझराच्या शेताला पाट बुजल्याची चिंता नसते.

मग माणसाच्या हृदयात पाझर निर्माण करता येईल का? सेन यांनी हा प्रश्न केईएमच्या प्रयोगशाळेत नेला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्याच्या हृदयाची पुढून उतरणारी रोहिणी बांधून टाकली, म्हणजे झटका आल्यासारखीच स्थिती निर्माण केली, आणि त्या भागाच्या मांसातून सुईने आरपार कप्प्यापर्यंत अनेक बारीक छिद्रे पाडली. आतले रक्त या छिद्रांतून मांसात झिरपावे ही कल्पना. अशा सुया टोचलेल्या हृदयांचे नुकसान कमी झाले असे त्यांना दिसले. सेन, उडवाडिया, किनरे आणि परुळकर यांचा हा प्रबंध १९६५ साली छातीच्या शस्त्रक्रियेच्या एका नामांकित अमेरिकन नियतकालिकात छापून आला आणि पुढील अभ्यास १९६८ साली प्रसिद्ध झाला. परळच्या महापालिकेच्या रुग्णालयातून आलेली ही कल्पना जगभरच्या शल्यविशारदांनी गंभीरपणे वाचली.

ती यशस्वी झाली का? वाचकहो, येथे खरे तेच सांगितले पाहिजे. सुईने पाडलेली छिद्रे टिकत नाहीत. शरीर त्यांना जखम समजते, काही काळात ती गोठतात, तंतूंनी भरून येतात आणि बुजतात. शिवाय दुसरीकडे शस्त्रक्रियेचा वेगळा रस्ता मोकळा झाला होता. अमेरिकेत डॉ. मेसन सोन्स यांनी १९५८ साली करोनरी रोहिणीत रंगद्रव्य सोडून तिचे चित्र घेण्याची पद्धत शोधली, त्यामुळे जिवंत माणसात नळी कोठे अरुंद आहे हे प्रथमच डोळ्यांनी दिसू लागले. तेथेच १९६७ साली अर्जेंटिनाचे डॉ. रेने फावालोरो यांनी पायातील शीर वापरून बुजलेल्या भागाला वळसा घालणारी बायपास शस्त्रक्रिया रुळविली. १९७७ साली झुरिच येथे डॉ. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी फुग्याने नळी रुंद केली. या सर्व उपायांमागे तत्त्व एकच, आणि ते सेन यांच्याही तत्त्वाचा पाया होते : रोग सुरुवातीच्या भागात ठिकठिकाणी असतो, पुढची नळी बहुधा बरी असते. तसे नसते तर वळसा घालून रक्त न्यायचे कोठे?

सेन यांची कल्पनाही पूर्णपणे वाया गेली नाही. मूळचे इराणचे डॉ. महमूद मिरहोसेनी यांनी अमेरिकेत ऐंशीच्या दशकात सुईऐवजी लेसर किरणांनी तशीच छिद्रे पाडण्यास सुरुवात केली आणि १९९८ साली तेथील सरकारी यंत्रणेने, ज्यांना बायपास किंवा फुगा शक्य नाही अशा रुग्णांसाठी, या पद्धतीला मान्यता दिली. छातीतल्या वेदना पुष्कळांच्या कमी झाल्या. आयुष्य वाढते असे मात्र खात्रीने सिद्ध झाले नाही. लेसरची छिद्रेही पुढे बुजतातच. वेदना कमी होण्याची कारणे वेगळी असावीत, जखमेभोवती फुटणाऱ्या नव्या वाहिन्या किंवा संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूंना झालेली इजा, असे अभ्यासकांना वाटते. आज ही पद्धत क्वचितच वापरली जाते. तथापि तिच्या इतिहासात परळच्या त्या प्रयोगांचा उल्लेख सन्मानाने होतो.

आता सेन यांच्या प्रसिद्ध हृदयारोपणाकडे वळू. ते अनेक वर्षे कुत्र्यांवर हृदयारोपणाचे प्रयोग करीत होते. दक्षिण आफ्रिकेत डॉ. ख्रिस्तियन बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी जगातले पहिले हृदयारोपण केले आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये सेन यांच्या पथकाने केईएममध्ये भारतातले पहिले केले. जगातला तो सहावा प्रयत्न होता आणि असा प्रयत्न करणारे सेन चौथे शल्यविशारद. रुग्ण एक तरुण शेतकरी होता. नवे हृदय धडधडू लागले, पण रुग्ण सुमारे तीन तासच जगला. जुन्या आजाराने त्याच्या फुप्फुसांतील वाहिन्यांचा विरोध इतका वाढला होता की निरोगी हृदयालाही तो भार पेलवला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केलेला दुसरा प्रयत्नही काही तासांतच संपला. टीकाही झाली. तेव्हा मेंदूच्या मृत्यूला कायद्याची मान्यता नव्हती आणि नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून लागणारी परिणामकारक औषधे नव्हती. सेन यांनी हे काम पुढे रेटले नाही. देशात अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला आणि त्याच वर्षी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. वेणुगोपाल यांच्या पथकाने भारतातील पहिले यशस्वी हृदयारोपण केले. मधे सव्वीस वर्षे गेली होती.

सेन यांचे आणखी एक काम फारसे सांगितले जात नाही. आपल्याकडे तरुण स्त्री-पुरुषांत, विशेषतः तरुण स्त्रियांत, महारोहिणी आणि तिच्या मोठ्या शाखा दाहाने आकसण्याचा एक आजार आढळतो. मनगटाची नाडीच लागत नाही, रक्तदाब मात्र भयंकर वाढलेला. हे रोहिणीकाठिण्य नव्हे. हा भिंतीचा निराळाच दाह. सेन, किनरे, केळकर आणि परुळकर यांनी शंभरावर रुग्णांचा अभ्यास करून सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तरुणाची नळी अरुंद दिसली म्हणजे कारण एकच असेल असे धरू नये, रोग नळीच्या कोणत्या भागात आणि भिंतीच्या कोणत्या थरात बसला आहे ते आधी पाहावे, ही शिस्त त्यातून वैद्यकाला मिळाली.

डॉ. सेन यांचे निधन १९८२ साली झाले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी पुढे हृदयशस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर वाढविली. सेन यांच्या काळी खानदेशातल्या रुग्णाला ज्या तपासण्यांसाठी मुंबई गाठावी लागे, त्यांतल्या बऱ्याच आज जळगाव आणि धुळ्यात होतात. धुळ्यात भाऊसाहेब हिरे यांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आले, जळगावचे २०१८ साली सुरू झाले. ज्या तरुण-तरुणींना या विद्येची ओढ आहे त्यांना आता शिकण्यासाठी परळपर्यंत जावे लागत नाही.

वाचकहो, या चरित्रातून आपण काय घ्यावे? पहिली गोष्ट अशी की आपल्या रोहिण्यांची ठेवण आपल्या हाती नाही. फांदी कोठे फुटावी, वळण कसे असावे, डावी वरचढ की उजवी, हे जन्मापूर्वीच ठरून जाते. रोग कोठे बसेल याचा अंदाज ही ठेवण देते. पण तो बसेल की नाही, आणि बसला तर किती लवकर वाढेल, हे पुष्कळ अंशी आपल्या रक्तावर आणि सवयींवर ठरते. पाटाची वळणे बदलता येत नाहीत, पण पाण्यात गाळ किती येऊ द्यायचा हे पाहता येते. केरळात जन्मलेले आणि कॅनडात काम करणारे डॉ. सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की पहिल्या झटक्याच्या धोक्याचा सुमारे नव्वद टक्के भाग नऊ गोष्टींनी समजावता येतो : धूम्रपान, रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळे-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव आणि मद्यपानासंबंधीची सवय. याच अभ्यासात भारतीय उपखंडातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला, तर इतरत्र सुमारे ५९ व्या वर्षी. कर्त्या माणसाची ही सहा वर्षे म्हणजे एखाद्या मुलाचे शिक्षण, एखाद्या मुलीचे लग्न.

दुसरी गोष्ट म्हणजे, हा रोग म्हातारपणी सुरू होतो ही समजूत चुकीची आहे. कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या तीनशे अमेरिकन सैनिकांची हृदये तपासण्यात आली. त्यांचे सरासरी वय बावीस. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत शंभरातील सत्त्याहत्तर जणांच्या करोनरी रोहिण्यांत रोगाच्या खुणा होत्या. तेव्हा बिडी-सिगारेट, तंबाखू, भाजीवरचा तेलाचा तवंग आणि बैठी सवय यांचा विचार कॉलेजात असतानाच झाला पाहिजे. ज्यांच्या घरात वडिलांना किंवा भावाला लवकर झटका आला आहे त्यांनी तिशीतच रक्तदाब, साखर आणि मेद यांची तपासणी करून घ्यावी.

तिसरी गोष्ट तातडीची आहे. छातीत दडपण, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, घाम, गुदमरल्यासारखे वाटणे अशी लक्षणे काही मिनिटांत ओसरली नाहीत, तर गॅस झाला म्हणून सोडा पिऊन घरी पडून राहू नये. मधुमेह असलेल्यांना आणि पुष्कळ स्त्रियांना कळ न येता नुसता दम लागतो, थकवा येतो किंवा मळमळते, हेही ध्यानात असावे. नळी बंद पडली की तिच्या पुढचे मांस मिनिटामिनिटाला मरत जाते आणि मेलेले मांस पुन्हा उगवत नाही. लवकरात लवकर ईसीजी होईल असे रुग्णालय गाठणे, हाच त्या वेळचा शहाणपणा.

शेवटी विद्यार्थी वाचकांसाठी दोन शब्द. डॉ. सेन यांचे दोन्ही गाजलेले प्रयत्न, सुईची छिद्रे आणि हृदयारोपण, त्यांच्या हयातीत सफल झाले नाहीत. तरी त्यांचे नाव टिकले, कारण त्यांनी प्रश्न नीट विचारला, उत्तर शोधण्यासाठी कोणत्याही प्राण्याकडून शिकण्यात कमीपणा मानला नाही, आणि जे दिसले ते जगापुढे छापून ठेवले, म्हणजे पुढच्याला तेथून सुरुवात करता येईल. परीक्षेतल्या एका ओळीच्या उत्तरापलीकडे डॉ. सेन यांची ही ओळख आपल्या लक्षात राहावी, आणि घरातल्या कोणाची छाती दुखू लागली तर हा लेख वाचलेल्याने तरी वेळ दवडू नये, एवढी इच्छा व्यक्त करून लेखणी थांबवितो.